मेलात न मावलेली फाइल

३ फेब्रुवारी, सोमवार

गुड्डूने आज माझ्याच दुकानात मोनालीच्या कानाखाली वाजवली! चार गिऱ्हाइकं उभी होती, एकही हललं नाही. मी काउंटरवरून उडी मारायला गेलो आणि पोट अडकलं. शोभा झाली नुसती. तोवर हा बुलेटवर बसून पसार. जाता जाता म्हणतो — "चाचा, फोटोकॉपी करो, नेतागिरी मत करो."

मोनाली कवडूची पोरगी. कवडू आणि मी प्लांटात ठेकेदाराकडे एकाच ढिगावर फावडं मारायचो. तो छातीच्या दुखण्यानं गेला. मी इथे मरोदा वस्तीत हे ऑनलाइनचं दुकान टाकलं — फॉर्म, झेरॉक्स, मेल. गुड्डू तिच्या नवऱ्याचा मोठा भाऊ. नवरा अमरदीप महिन्यापासून जेलात आहे, हिलाच मारल्याच्या केसमध्ये. शुक्रवारी वरच्या कोर्टात त्याच्या जमानतीची सुनावणी. तिच्या वकील सुजाताबाई बिलासपूरला बसतात. त्यांना सगळे कागद आजच मेलवर पाहिजे होते.

कागद कसले — फोटो! ठाण्यातून डॉक्टरी झाली तेव्हा दोन ओळी लिहिल्या होत्या, मामूली चोट. पण या पोरीनं वर्षभर जेव्हा जेव्हा मार खाल्ला, तेव्हा तेव्हा शेजारणीकडून फोटो काढून घेतले आणि फोनात दडवून ठेवले. मी मोठ्या स्क्रीनवर लावले. पाठीवर बेल्टचा बक्कल खिळ्यासकट उमटलेला. मानेवर एकीकडे चार बोटं, दुसरीकडे अंगठा. मांडीला तापलेल्या सराट्याचा, उलथण्याचा चटका. कवडूची पोरगी! मी स्क्रीन रस्त्याकडून आत वळवली.

ती मात्र थंड. "काका, लवकर करा ना. आई एकटी आहे घरी."

एकच मोठी पीडीएफ केली आणि मेलला जोडली. मेल म्हणे फाइल मोठी आहे, मावत नाही. मग बराच वेळ काहीतरी फिरत राहिलं आणि फाइलीच्या जागी एक निळी लिंक आली. सुजाताबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "काका, लिंक नको, पुढे कोर्टात कोणी उघडत नाही. फाइल पाहिजे, दहा एमबीच्या आत." लिंक उडवली. मग आपला नेहमीचा नुस्खा — रंग काढ, काळं-पांढरं कर, क्वालिटी सगळ्यात खाली. भरतीचे हजारो फॉर्म असेच बसवले आहेत मी! एका झटक्यात गेली.

शटर ओढायच्या आधी रोजच्यासारखं गिऱ्हाइकांचं सगळं पुसलं, कचरापेटीसुद्धा. लोकांची जात, रोग, मार्कशीट, सोडचिठ्ठी — रात्री माझ्या मशीनमध्ये काही राहत नाही. मरोद्यात माझं नाव त्याच्यावरच आहे.

५ फेब्रुवारी, बुधवार

बायकोची, चंपाची, कटकट. "तुमच्या दुकानाच्या मेलनं माहा फोन भरला! नातीचा एक फोटो घुसून नाही राहिला." दुकानाचा मेल तिच्याच फोनवर चालू केलेला, हे खरं. पण मी तर रोज पुसतो! म्हटलं, तुझ्या भीमगीतांनी भरला असेल. तिने लाटणं दाखवलं.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

अमरदीपला जमानत झाली.

सुजाताबाईंचा आवाज बसलेला. "काका, फोटोत काही दिसतच नव्हतं हो. त्यांचा वकील म्हणाला, ही तर सावली आहे. मी कशावर भांडू?"

मी पाठवलेला मेल त्यांच्याकडूनच परत मागवून पाहिला. खरंच! बक्कल नाही, बोटं नाहीत. मानेवर धूर बसल्यासारखं काहीतरी. चटका तर कागदाच्या डागासारखा. जे अमरदीपला वर्षभर झाकता आलं नाही ते मी एका बटणात झाकलं!

मोनालीला फोन केला. म्हटलं, बाई, माझी चूक झाली. तुझ्या फोनात असली, रंगीत फोटो आहेत ना? म्हणाली, "आहेत. सोमवारी आणते, काका. तुम्ही कावून रडता?"

मी रडत नव्हतो. 

१० फेब्रुवारी, सोमवार

बसता येत नाही. तरी लिहितो.

दुपारी गुड्डूच्या बुलेटचा फाटका सायलेन्सर ऐकू आला. एकटा असला की आवाज मोकळा येतो, मागे कोणी असलं की बसका. आज बसका होता. दुकानापाशी हळू झाला नाही, भागाबाईच्या गल्लीत वळला. भागाबाई म्हणजे मोनालीची आई. मग टिनाचं दार आपटलं. मग काही नाही. ते "काही नाही" मला सहन झालं नाही. दुकान उघडं टाकून पळालो.

अमरदीप तिच्या छातीवर बसला होता. तिचाच फोन मुठीत धरून तिच्या तोंडावर मारत होता. "ले! ले, अब निकाल फोटो! निकाल!" काच तिच्या भुवईत घुसलेली. भागाबाई मागून त्याच्या कानाला चावून लटकली होती. म्हातारीला गुड्डूने केसांनी ओढून भिंतीवर फेकलं. मग अमरदीप उठला, फोन उंबऱ्यावर ठेवला आणि मसाल्याच्या वरवंट्यानं ठेचला. ठेचतच राहिला. जसा काही तो जिवंत होता!

दाराशी बोरिंगच्या हातपंपाचा तुटका दांडा पडला होता. मी उचलला आणि अमरदीपच्या गुडघ्यावर घातला.

हाड तुटल्याचा आवाज प्लांटात ऐकला होता. आज माझ्या हातून ऐकला. वाईट वाटलं नाही. हे इथेच लिहून ठेवतो, दुसऱ्या कोणाला सांगायचं नाही.

मग गुड्डूने मला घेतलं. दोन दात गेले, बरगडी मोडली म्हणतात. गल्लीतल्या बाया विटा घेऊन आल्या तेव्हा सुटलो.

मोनालीला दवाखान्यात नेताना रिक्षात ती ठेचलेल्या फोनचे तुकडे ओढणीत बांधत होती. "काका, हे जोडता येते ना?" मी हो म्हणालो.

११ फेब्रुवारी, मंगळवार

जोडता येत नाही. मोबाइलवाल्यानं तुकडे पाहिले आणि परत ओढणीत ठेवले.

माझ्यावर केस! म्हाताऱ्याने घरात घुसून रॉडने मारलं, त्या झगड्यात बाई पडली, असं गुड्डूने लिहून दिलं. ठाण्यात मुन्शी म्हणतो, "अंकल, आप तो शरीफ आदमी थे." थे!

परत आलो तर दुकान नव्हतं. म्हणजे शटर होतं, पण पापडासारखं दुमडलेलं. प्रिंटर नाल्यात. काउंटरची काच चहाच्या टपरीपर्यंत उडालेली. कॉम्प्युटरचा डबा घनानं फोडला होता, आतल्या हिरव्या पाट्या रस्त्यावर. एक बकरी हुंगून गेली. मला हसू आलं आणि बरगडीत असं काही लागलं की तिथेच बसलो. कोणी पाहिलं? कोणीच नाही. मरोद्यात आज सगळे आंधळे.

शेजारच्या चहावाल्यानं कपात दूध जास्त टाकून दिलं. तेवढंच त्याच्या हातात होतं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

सुजाताबाई स्वतः आल्या. मोनालीच्या उशाशी बसल्या. पोरीचा एक डोळा बंद, जबडा तारेनं बांधलेला. बोलता येत नाही, बोटांनी बोलते.

बाहेर येऊन मला म्हणाल्या — "काका, जमानत रद्द करायला अर्ज टाकते. पण ते म्हणतील, दोन्हीकडचा झगडा आहे. अमरदीपचाही पाय मोडला आहे. वर्षभराचा मार दिसला तरच हे उभं राहते. असली फोटो पाहिजेत. कुठे काहीच नाही का? तुमच्या मशीनमध्ये?"

मशीन घनानं फोडली, म्हटलं. आणि नसती फोडली तरी काय! मी रोज पुसतो.

पहिल्यांदा ते वाक्य तोंडात कडू लागलं.

त्यांनी मलाच पाणी आणून दिलं. मोठी बाई. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

१५ फेब्रुवारी, शनिवार

गुड्डूचा निरोप. "चाचा, लड़की से बोल दो, घर वापस आ जाए. बात छोटी है, छोटी रहने दो. नहीं तो अगली बार मुँह नहीं, गला." निरोप घेऊन आलेला माणूस माझ्याकडेच पेन्शनचा फॉर्म भरायचा. मान खाली घालून सांगून गेला.

भागाबाई उशाखाली विळा घेऊन निजते.

१६ फेब्रुवारी, रविवार

मोनालीने पाटीवर लिहून दाखवलं — परत जाऊ? आईले मारतील.

मी पाटी पुसली. पुसायचंच येते मला.

१७ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी चंपा ओट्यावर फोन घेऊन बसली होती, चष्मा कपाळावर. "जागा करते आता. तुमच्या मेलाच्या मागं एक कोठीच निघाली! काय काय भरून ठेवलं इथं, अवो! ज्या फाइली मावत नव्हत्या त्या साऱ्या इथंच चढून बसल्या. मी वरपासून पुसून राहिली."

आता सगळ्यात वर मोनालीची ती पहिली, न मावलेली फाइल. रंगीत. पाठ, बक्कल, चार बोटं आणि अंगठा.

तिचं बोट पुसायच्या लाल डब्यावर होतं. मी म्हणालो, चंपा, हात उचल.