पोपटाला पुढे दोन बोटं

अण्णा, या हातांनी आजवर काय काय केलं ते आधी सांगतो, कारण तुम्ही होतात तेव्हा कधी विचारलं नाहीत. फणसाच्या लाकडाचे देव्हारे, त्यांच्या कमानींवर हंस. सागवानी झोपाळे, पाठीला मोर. आपल्या वाडीच्या पालखीवरचा गरुड, पंख मिटलेला, कारण शिमग्यात पालखी नाचते तेव्हा उघडा पंख खांदेकऱ्यांच्या कपाळाला लागतो. हा विचार माझ्याआधी कुणी केला नव्हता. एका डॉक्टरांच्या दिवाणखान्याचं दार, त्यावर पोपटांची जोडी. मिरजोळ्याला शेड आहे आता, तिच्या छपराची कैचीसुद्धा मीच बसवली. यातला एकही पक्षी तुम्ही मला शिकवला नाहीत. तुम्ही शिकवलात तो काटकोन, सांधा आणि रंधा.

मला अजून ती पडवी दिसते. मी रंधा मारतोय आणि धाकटी लेक तुमच्या गुडघ्याला गुडघा लावून बसली आहे. गिऱ्हाईक आलं की तुम्ही लाकडाचं नंतर बोलायचात. आधी विचारायचात, "खोली कुणाची?" नवराबायकोची असेल तर पोपट, समोरासमोर, कारण ते मदनाचं वाहन. देवाची असेल तर दूधपाणी वेगळं करणारा हंस. शिकणाऱ्या पोरांची असेल तर सरस्वतीचा मोर. घुबड कुणी मागितलं नाही, तुम्ही सुचवलंही नाहीत. हे सगळं मी रंध्याच्या आवाजातून ऐकलं. तिला तुम्ही समोर बसवून सांगितलंत.

एकदा मी चोरून पोपट कोरला. परसातल्या पेरूवर राघू यायचे, ते अख्खा हंगाम बघून. पोपटाला पुढे दोन बोटं असतात आणि मागे दोन. आपल्याकडच्या कितीतरी जुन्या दारांवर ती चिमणीसारखी काढलेली आहेत, तीन पुढे, एक मागे, तुमच्याही दारांवर. मी बरोबर काढली. तुम्ही तो हातात घेतलात, उलटासुलटा केलात आणि म्हणालात, "बोटं मोजून घ्यायला बसवलायस काय रे ह्याला? ह्याचं बायकोकडे लक्षच नाय!" धाकटी खुदकन हसली. मग पडवीच्या दाराची फळी तिच्यापुढे ठेवलीत आणि पटाशी तिच्या हातात दिलीत. तिनेही बोटं तुमच्यासारखीच चुकीची काढली. पण नराची मान जराशी कलती ठेवली, जेवलीस का असं विचारल्यासारखी. तुम्ही बराच वेळ त्या मानेवरून अंगठा फिरवत होतात. मला म्हणालात, "तू चौकट कर. पक्षी ती करील."

आणि ती खालच्या वाडीतली बाई आठवते? नवरा गेला तेव्हा दहाव्याला पिंडाला कावळा शिवला नव्हता. ऊन चढलं, माणसं कंटाळली, शेवटी दर्भाचा कावळा करून उरकून घेतलं. ती तुमच्याकडे कपाट करायला आली आणि म्हणाली, वर कावळा हवा. आई स्वैपाकघरातून ओरडली, "घरात कावळा? काय गो बोलतेस!" तुम्ही धाकटीकडे बघितलंत. तिने कावळा केला, चोच उघडी, घासाशी वाकलेला. कपाट न्यायला बाई आली तेव्हा तिने आधी त्या चोचीत बोट घातलं. "हा शिवेल," एवढंच म्हणाली आणि पदर डोळ्याला लावला. कपाट मी केलं होतं, अण्णा. पितळी बिजागऱ्या, खण ओढला तर आवाज नाही. तिने ते उघडूनसुद्धा बघितलं नाही.

धाकटी राजापूरला असते, सासरचं काजूचं दुकान बघते. लग्न झाल्यापासून तिच्या हातात पटाशी नाही. मला वाटायचं, आता तरी पक्षी माझे झाले. या दिवाळीला तिचा फोन आला. "दादा, हात शिवशिवतात रे. एखादी फळी दे ना मला." मी म्हटलं, साग महाग झालाय. "मग फणस दे, कंजूष मेल्या!" म्हणून ती हसली, अगदी तशीच, पडवीतल्यासारखी. मी विषय पावसावर नेला.

गेल्या महिन्यात पुण्याचा एक आर्किटेक्ट शेडवर आला. समुद्राकडेला कुणाचं तरी हॉटेल बांधतोय. माझी कामं त्याने नीट बघितली, "फिनिशिंगला तोड नाही" म्हणाला. मग निघताना वर बघून थांबला. पडवीचं दार मी शेडला आणून लावलंय. चांगला साग होता म्हणून, दुसरं काही नाही.

"हे कुणाचं काम?"

"बहिणीचं. लहान होती तेव्हाचं."

"अजून करतात त्या?"

मी म्हटलं, "पोपटाची बोटं चुकलीत त्यात. पुढे दोन पाहिजेत."

त्याने मान वर करून बघितलं. "असतील चुकलेली," तो म्हणाला, "पण तो काय विचारतोय तिला?"

तुम्ही गेलात त्याला इतकी वर्षं झाली आणि एक परका माणूस येऊन तुमच्याच जागी उभा राहून तुमचंच बोलला. मी बांधलेल्या छपराखाली. लोक म्हणतात कला शिकवून येत नाही. मग मी शिकलो ते काय होतं? मी पक्ष्यांची पिसं मोजली आहेत. मेलेला खंड्या फडक्यावर ठेवून त्याचे पंख कागदावर उतरवले आहेत. तिने यातलं काही केलं नाही. ती नुसती तुमच्याजवळ बसली.

हे पत्र कुठल्या पेटीत पडणार नाही, म्हणून खरं ते लिहितो. त्या हॉटेलच्या बारा खोल्यांची बारा दारं होती, प्रत्येकावर वेगळा पक्षी. लाकूड त्याचं, चौकटी माझ्या, पक्षी तिचे, मिळून सहा लाख चाळीस हजार द्यायला तो तयार होता. तिला आता जमणार नाही, असं सांगून मी नाही म्हटलं. तिला विचारलं नव्हतं.