खिंड येईपर्यंत तोंड बंद

३ जून २००६
आज चालायला सुरुवात. चोवीस दिवस, बर्फातल्या पाच खिंडी. हौस माझी न्हाय, पोरीची. वैशू कॉलेजला गेल्यापासून हेच डोक्यात घेऊन बसलेली. हिच्या आईने नारपोलीच्या घराच्या दारातच अट घातली, "एकटी न्हाय जायाची, बापाला ने. आन् एक माघारी फिरला तर दुसऱ्यानं पन फिरायचं. शपथ हाय माजी."
मी म्हटलं, सव्वीस वर्षं जॉबर आहे, यंत्रमाग दुरुस्त करणारा, बारा-बारा तास लूमशी उभा. पायांची काय चिंता? उभं राहणं वेगळं आणि चढणं वेगळं, हे सकाळी साडेनऊला कळलं.
पाय दुखतात. रोजचंच दिसतंय. पुढे नुसतं पा. दु. लिहीन.

४ जून
पा. दु.
गाईड नेगी. बारीक माणूस, कुजबुजल्यासारखा बोलतो. जेवताना धावत आला, "अंकलजी, झगडा हो रहा है क्या?"
मी मीठ मागत होतो.
आता लूमवाल्याचा आवाज असाच. शेडमधल्या खडखडाटात कानाशी बोंबललं तरी ऐकू जात नाही. तोच आवाज घरी येतो. नारपोलीत सगळेच तसे, त्यामुळे कुणाचं काही बिघडत नाही. इथे मीठ म्हटलं तर समोरचा डोंगरही मीठ म्हणतो.

५ जून
पहिलं बर्फ. बघितलं आणि ओरडलो, "वैशूऽऽ, बरफ बघ, बरफ!" जशी काय ती आंधळी. वरून थोडं बर्फ घसरलं, टोपलीभर असेल. नेगीचा चेहरा उतरला. म्हणाला, खिंडीखालचा उतार कच्चा आहे, तिथे आवाज चालणार नाही. "एक बार और चिल्लाए, तो आपको नीचे भेज दूँगा."
मी खाली म्हणजे वैशूही खाली. शपथ.
ती माझ्याकडे पाठ करून बसली. जेवलीही नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. माझ्या थोबाडामुळे पोरीचं सगळं जाणार. लाज वाटते.

६ जून
मौन. वैशूने तोंडाला रुमाल बांधला माझ्या, शेडमध्ये कापसाच्या धुळीला बांधायचो तसाच. आणि गंमत म्हणजे बांधल्याबरोबर हात बोलायला लागले. शेडमध्ये आम्ही हातांनीच बोलतो. मूठ वर, लूम बंद कर. दोन बोटांची कात्री, धागा तुटला. अंगठा तोंडाकडे, चहा. वैशू लहानपणी माझा डबा घेऊन यायची, तिला सगळं पाठ.
दुपारी ती पुढून वळून बघत होती. मी खूण केली, चहा. तिने खूण केली, मालक आला. बघतो तर मागे नेगी. हसून हसून बर्फात बसलो, आवाज न करता. कालपासून पहिल्यांदा पोरगी हसली.
पा. दु.

७ जून
कच्चा उतार आडवा ओलांडायचा, एकेकट्याने. आधी मला पाठवलं. पोचलो. मग वैशू. ती मधोमध असताना बघतो तर बर्फावर घसरू नये म्हणून बांधलेली डाव्या बुटाखालची खिळ्यांची पट्टी सुटून लोंबतेय. तिला पत्ताच नाही. नेगी अजून पार मागच्या टोकाला.
तोंड उघडलं. बंद केलं. कसं केलं ते माझं मला ठाऊक.
मूठ वर केली.
ती जागच्या जागी थांबली. मग कात्री. मग डाव्या पायावर बोट. ती सावकाश वाकली, पट्टी आवळली, आली. माझी पाठ घामाने चिंब, त्या थंडीत.
मागून नेगी आला. "अंकल, ये इशारे मुझे भी सिखाओ." शिकवले. चहाची खूण पहिल्यांदा आली त्याला. म्हणतो, उद्या खिंडीवर चला, पण रुमाल पाहिजे.
तंबूत वैशूला शाब्बास म्हणायचं होतं. आवाजाचा भरवसा नाही, म्हणून हाताने सांगायला गेलो. पाच-सहा प्रकार करून बघितले. ती उठली आणि चहा घेऊन आली.
प्यालो.
लूमच्या खुणांत शाब्बास नाहीच. सव्वीस वर्षांत शेडमध्ये कुणी कुणाला म्हटलंच नाही.
उद्या वर पोचल्यावर ती मागे वळून माझ्याकडे बघणार. तेव्हा काय करू, सुचत नाही.