एकशे तीन दाणे

सोमवार, २२ सप्टेंबर १९८६

संध्याकाळी पोरीचा ताप ९९.६. काल ९९.८ होता. आनंद मानावा का? इतक्यात नको.

डॉक्टरांचं बोलणं डोक्यातून जात नाही — "मुदतीचा ताप उतरून महिना झाला. मग संध्याकाळचा हा बारीक ताप कशाचा? रविवारपर्यंत रोज सहा वाजता लिहून ठेवा. नाही उतरला तर औरंगाबादला न्या. छातीचं काही नसलं म्हणजे मिळवली." शेवटचं वाक्य सुनेत्रासमोर बोलले नाहीत, एवढे उपकार.

हेमाची शिक्षिकेची नोकरी पोखर्णीला. तिच्या रजा पोरीच्या दुखण्यात श्रावणातच संपल्या, म्हणून आता मी घरी. महिनाअखेरपर्यंत. अठरा वर्षं प्रयोगशाळेत बियाणं तपासतोय, पण पोरीला शिकवणं कधी जमलं नाही. — जमवलं नाही, हे खरं.

अकरा वर्षांची पोर, दोन महिने अंथरुणावर. पाठ्यपुस्तक काढलं की भिंतीकडे तोंड करते. आज ठरवलं — पुस्तक बंद! हातानं करता येईल तेच करायचं. हेमाच्या वर्गातल्या एका मुलीचे वडील आश्रुबा, त्यांनी पेरणीची ज्वारी तपासायला पाठवली होती. तीच घेतली. सुनेत्रानं शंभर दाणे तीनदा मोजले, ओल्या फडक्यावर पसरले, गुंडाळी करून पोत्याच्या तुकड्यात ठेवली. मोजणी शुक्रवारी. पंचाहत्तरच्या खाली उगवले तर बी नापास, असं सांगितल्यावर किती दिवसांनी हसली — "बी पण नापास होतं?"

दुसरा उद्योग — उद्यापासून स्वतःचा ताप तिनंच मोजायचा, आणि चौकटीच्या कागदावर ठिपका द्यायचा. दशांशही होतील, आलेखही होईल. मी मध्ये डोकावायचं नाही. जो मोजतो त्याच्यावर विश्वास ठेवायचा, हा आमच्या प्रयोगशाळेचा नियम.

मंगळवार, २३ सप्टेंबर

कडुनिंबाची उंची मोजली. काठी तीन फूट, तिची सावली दोन फूट. झाडाची सावली सोळा फूट. सुनेत्रानं बोटांवर हिशेब केला — चोवीस! मग संशय. "पण वर चढून कोण बघितलंय?" चढायची गरजच नाही म्हटल्यावर झाडाकडे बघतच राहिली. "शाळेत बाई फक्त उतरवून घ्या म्हणतात."

अंगणात दहाच मिनिटं होतो. डॉक्टरांची तेवढी परवानगी आहे.

ताप ९९.८. वाढला! उन्हामुळे? माझ्या हौसेमुळे?

पोर मात्र शिस्तीची. थर्मामीटर वाचते, लगेच पारा झटकून, पुसून डबीत ठेवते. सांगावं लागत नाही.

बुधवार, २४ सप्टेंबर

आज अंगण नाही. तरी ९९.८.

गुरुवार, २५ सप्टेंबर

डब्याची दोन झाकणं, काठी, सुतळी — तराजू केला. एका बाजूला शंभर दाणे आश्रुबांचे, दुसऱ्या बाजूला शंभर माझ्याकडच्या चांगल्या बियाण्याचे. आश्रुबांचं पारडं वर गेलं. सुनेत्राचं तोंड उतरलं. मला तेव्हाच कळलं होतं की हे बी हलकं आहे. बोललो नाही.

ताप १००. हेमा शाळेतून आली, चपला काढायच्या आधी पोरीच्या कपाळाला हात लावला. "अहो, अंग तर गार लागायलंय पोरीचं!"

मी म्हटलं, हात म्हणजे मोजमाप नव्हे.

"अकरा वर्षं याच हातानं ताप बघायलेय मी."

तक्ता पुढे केला. तिनं हात मागे घेतला. मी जिंकलो — आणि अशी जीत कोणाला हवी होती? कपाळाला मीही हात लावून बघितला. मला काही कळलं नाही. मला आकडेच कळतात.

झोपायच्या आधी सुनेत्रानं विचारलं, "मी बरी झाले की तुमची रजा संपणार?" म्हटलं, संपणारच की. "मग परत जायचं तुम्ही, सकाळी नऊला?" हो म्हटलं. भिंतीकडे वळली. दमली असावी.

शुक्रवार, २६ सप्टेंबर

आज एक वाईट गोष्ट केली. लिहितो, म्हणजे उद्या स्वतःला फसवता येणार नाही.

ती उठायच्या आत गुंडाळी उघडली. बुरशी. मोजले — अठ्ठावन्न उगवलेले, बेचाळीस मेलेले. सरळ नापास. परवाच तुलनेसाठी मी चांगलं बी मूठभर वाटीत भिजत घातलं होतं, त्याला छान मोड आले होते. तिचं उतरलेलं तोंड डोळ्यांपुढे आलं. मेलेल्यांतले काही काढले, त्यांच्या जागी वाटीतले मोडाचे ठेवले. गुंडाळी होती तशी बांधली.

नऊ वाजता तिनं उघडली. "अठ्ठ्याऐंशी! बाबा, अठ्ठ्याऐंशी!" मग मेलेले मोजले. पंधरा. परत मोजले. "बाबा, हे एकशे तीन होतायत."

घाईत सत्तावीस काढले आणि तीस ठेवले! अठरा वर्षांचा तपासनीस!

"मी तर शंभरच घातले होते. तीनदा मोजून."

आणि मी म्हणालो — "मोजताना चुकली असशील."

तिनं वहीत लिहिलं : सुरुवातीची मोजणी चुकली. चूक माझी. मग एकशे तीनपैकी अठ्ठ्याऐंशी म्हणजे शेकडा पंच्याऐंशी, हा भागाकार स्वतः केला, आणि आश्रुबांना चिठ्ठी लिहिली : "तुमचे बी पास आहे. उगवण शेकडा ८५. — सुनेत्रा."

हे मी कोणासाठी केलं? तिच्यासाठी, असं सकाळपासून म्हणतोय. पण सोमवारी दाणे भिजवतानाच मनात एक पैज लावली होती — ऐंशीच्या वर उगवले तर ताप उतरेल. विज्ञानाचा पदवीधर! मेलेले दाणे मी माझ्या भीतीपोटी काढले.

ताप ९९.८.

शनिवार, २७ सप्टेंबर

हेमा सकाळच्या शाळेला निघाली. सुनेत्रा दारापर्यंत चालत गेली, चिठ्ठी तिच्या पर्समध्ये घातली. "आई, हातात दे बरं का. पडू देऊ नको." चेहरा असा फुललेला, की मी तोंड उघडलं नाही. बस गेली.

दुपारपर्यंत तळमळलो. पंच्याऐंशी धरून आश्रुबा बेतानं बी टाकणार, आणि निम्मं रान मोकळं राहणार. शेवटी तिच्या खाटेवर बसून सगळं सांगितलं. वाटी, बुरशी, सत्तावीस, तीस.

तिनं मनातल्या मनात बेरीज-वजाबाकी केली. मग — "म्हणजे मी बरोबर मोजले होते?"

बरोबर मोजले होतेस.

वही मागितली. "चूक माझी" वर काट मारली आणि पेन माझ्या हातात दिला. मी लिहिलं : चूक बाबांची. सही केली.

"आता काय करायचं?"

जिथं खोटा आकडा गेला, तिथं खरा घेऊन जायचं. उद्या सकाळच्या बसनं.

"लाज वाटंल तुम्हाला."

वाटेलच.

संध्याकाळी ९९.८. हेमानं पिशवी काढली. सुनेत्रा एकदम उठून बसली — "औरंगाबादला? कशाला? सुया टोचायला?" हेमा सांगता सांगता स्वयंपाकघरात निघून गेली. डोळे पुसत होती. पोरीनं ते बघितलं.

रविवार, २८ सप्टेंबर

पोखर्णी. नरसिंहाच्या देवळाकडून आश्रुबांच्या घरी गेलो. तिफण धुऊन भिंतीला टेकवलेली.

"या साहेब! पोरीनं बी पास केलं म्हनं आमचं!"

म्हटलं, नापास आहे. अठ्ठावन्न.

"आन् चिठ्ठीत पंच्याऐंशी कसं?"

सांगितलं. मान वर न करता सांगितलं. आश्रुबा मांडीवर थाप मारून हसले — "म्हंजी तुमी नापासाला वर ढकललं! शाळंतल्या मास्तरावानी!" त्यांच्या घरच्या पंचफुलाबाई आतून म्हणाल्या, "हसू नका वो, आजारी लेकरासाठी केलं त्यायनी."

"आगं, उद्या पेरनार व्हतो मी!" आश्रुबांचं हसू थांबलं. "न्हाई आले आसते साहेब, तर रान रिकामंच राहिलं आसतं की. आता दीडीनं टाकतो बी." ते हसण्यावारी नेत होते, पण गोष्ट हसण्यावारी न्यायची नव्हती, हे दोघांनाही कळत होतं.

निघताना त्यांनी कागदात मूठभर दाणे बांधून दिले. "ही दगडी ज्वारी. माझ्या बापानं राखलेली. पोरीला म्हनावं, हिची परीक्षा घे. पर बापाला जवळ येऊ देऊ नकु!"

घरी येऊन सुनेत्राला हे शब्द जसेच्या तसे सांगितले. खूप हसली. मग मध्येच थांबली.

"तुम्ही सगळं सांगितलं? खरंच रागावले नाहीत?"

नाही. पण वेळेवर गेलो म्हणून.

दाण्यांची पुडी हातात घट्ट धरून बसली. सहा वाजता थर्मामीटर लावला, वाचला, झटकला. ठिपका दिला नाही. "उद्या सकाळी देते." मी आग्रह केला नाही. औरंगाबादच्या धास्तीनं कोमेजलीय बिचारी. पिशवी दाराशी ठेवली आहे.

सोमवार, २९ सप्टेंबर

औरंगाबादला गेलो नाही.

सकाळी पिशवीवर तापाचा तक्ता ठेवलेला. निळ्या ठिपक्यांच्या खाली लाल पेन्सिलीचे सहा ठिपके. मंगळवारी ९८.६, पुढे सगळे ९८.४ नाहीतर ९८.२. खाली तिचं अक्षर : "निळे आकडे मी वाढवून लिहिले. मी बरी झाले की बाबांची रजा संपणार. लाल खरे आहेत. चूक माझी."

थर्मामीटर मी स्वतः लावला, स्वतः वाचला. ९८.४. हेमानं नुसता आपला हात माझ्यापुढे धरला, तळवा वर करून. डॉक्टर आधी हसले, मग पोरीला चांगले रागावले. उद्यापासून अर्धा दिवस शाळा.

दगडी ज्वारीचे शंभर दाणे तिनं भिजत घातले. मी हात मागे बांधून उभा होतो. मोजणी शुक्रवारी — तिची शाळा आणि माझी प्रयोगशाळा सुटल्यावर.