आप्पांच्या आवाजासाठी कॉम्प्युटर

एग्मोर, चेन्नई
८ सप्टेंबर २००३

तीर्थरूप आप्पांस,
तुळजाचा सा. न. वि. वि.

सेलेरॉन घ्यावा की ड्युरॉन? तुमचा हा प्रश्न मी चारदा वाचला आणि मला उत्तर येत नाही. पेरुंगुडीच्या कॉम्प्युटर ऑफिसात आहे म्हणून मला सगळं ठाऊक, असं आपल्याकडे सगळ्यांना वाटतं. मी बी. कॉम. आहे आणि दिवसभर परदेशी लोकांची बिलं तपासते. तरी विचारून, पारखून सांगेन. अंदाजाने सांगणार नाही.

मी ज्याचं कोटेशन तुम्हाला पाठवलं, त्या रिची स्ट्रीटच्या कॉम्प्युटर दुकानदाराकडे आपल्याला परवडतील अशी दोनच मशिनं आहेत. दोघांचा मेंदू गेल्या वर्षीचा, स्वस्तातला. सेलेरॉनचा आकडा मोठा आहे, ड्युरॉनचा लहान, पण ड्युरॉन थोडा स्वस्त. दुकानदार मोठ्या आकड्याची बाजू घेतो. ऑफिसातला चंद्रमौळी हसतो आणि म्हणतो, आकडा बघून मशीन घेणं म्हणजे मिशी बघून जावई करणं.

एक मात्र तुम्ही कबूल केलं आहे, ते विसरू नका. गळ्यातली गाठ काढायची, तर आवाज जाईल असं डॉक्टरांनी सांगितलं आहे. म्हणून आधी तुमची देवीच्या गोंधळाची सगळी पदं कॉम्प्युटरवर घ्यायची आणि लगेच ऑपरेशन. आजोबांच्या कॅसेटला बुरशी लागली तसं या वेळी होऊ द्यायचं नाही.

अम्माला नमस्कार. रणवीरला म्हणावं, कापडाच्या दुकानात उभं राहून पत्र लिहायला बंदी नाही.

आपली
तुळजा

तंजावर
१५ सप्टेंबर २००३

चिरंजीव तुळजास आप्पाचे अनेक आशीर्वाद.

तुझें पत्र पावलें, संतोष जाला. घरांत एवढी शिकलेली तूंच. तूं पारखून सांगितल्याशिवाय उंबऱ्याच्या आंत कांहीं यायचें नाहीं, हें मी सगळ्यांस सांगून ठेविलें आहे. रामस्वामीच्या पोराने विचारल्याशिवाय टीव्ही घेतला, आतां त्यांत सगळीं माणसें हिरवीं दिसतात.

देवीचीं पदें कागदावर लिहूं नयेत, तोंडांतून कानांत जावीं, हें माझ्या बापाने घातलेलें बंधन. आवाज धरून ठेवणें म्हणजे लिहिणें नव्हे, असें मी मनाशीं ठरविलें आहे. तुझ्या एकोजी काकाला तें पटलेलें नाहीं. पण एकोजीला बेचाळीस पदांतलीं सातच येतात, तेव्हां त्याने गप्प बसावें.

मला हें कळव: लहान आकड्याचें यंत्र मोठ्यापेक्षां चांगलें कसें असेल? आणि आपल्याकडे करंट वरखालीं होतो, तो कोणास सोसेल? घाई करूं नको. डॉक्टर कोठें पळून जात नाहीं. मी सरी आहे, प्रकृतीस कांहीं नाहीं.

देवी तुला राखो.
आप्पा

एग्मोर
२५ सप्टेंबर २००३

तीर्थरूप आप्पांस,
सा. न. वि. वि.

पारखलं. चंद्रमौळीने स्टोअरमधलं जुनं ड्युरॉनचं मशीन काढून दिलं, आणि रिसेप्शनवर सेलेरॉन होताच. शनिवारी ऑफिस रिकामं असताना मी दोघांना एकच काम दिलं: एक लांब गाणं लहान करून साठवायचं. ड्युरॉनने आधी संपवलं. दुसऱ्यांदा केलं, तरी तसंच.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला तेव्हा कळलं. आकडा म्हणजे पावलं किती भरभर पडतात ते. एकोजी काका बाजारात निघाले की पावलं तुमच्या दुप्पट टाकतात, पण आधी पोचता तुम्ही, कारण त्यांचं पाऊल वीतभर. सेलेरॉन म्हणजे काका. हे त्यांना वाचून दाखवू नका.

पण ऑफिसातल्या ड्युरॉनचा पंखा फार घोंघावतो. तुम्ही हळू आवाजात देवीला बोलावता, त्या पदात तो पंखाही ऐकू येईल. चंद्रमौळी म्हणतो, लांब वायरचा माइक घेऊन मशीन पलीकडच्या खोलीत ठेवा. करंटचा प्रश्न दोघांनाही सारखाच, त्याला स्टॅबिलायझरचा वेगळा डबा मिळतो. म्हणून माझं मत ड्युरॉन. दुकानदाराने एक बाजूला ठेवला आहे.

आता तुमचा होकार आला की सुट्टी काढून मशीन घेऊन येते. काल फोन केला तेव्हा तुम्ही पुन्हा अम्माकडेच दिलात. माझ्याशी बोलायला काय होतं तुम्हाला? ऑपरेशनची तारीख मागून घेतलीत ना?

उत्तराच्या वाटेकडे डोळे लावून,
तुळजा

तंजावर
१ ऑक्टोबर २००३

चिरंजीव तुळजास अनेक आशीर्वाद.

तुझी परीक्षा वाचून अभिमान वाटला. पण एक राहिलें. दहा वर्षांनीं ड्युरॉनचा भाग बिघडला तर मिळेल काय? त्यापेक्षां सेलेरॉन बरा काय? नीट चौकशी कर. नवरात्र आहे, घरांत गर्दी आहे, म्हणून फोनवर बोलणें होत नाहीं. मागाहून पाहूं.

आप्पा

तंजावर
६ ऑक्टोबर २००३

तीर्थरूप अक्कास,
रणवीरचा शि. सा. न.

हे पत्र आप्पांना न सांगता लिहितो आहे. काल दसरा झाला. आपल्या घरचा गोंधळ एकोजी काकांनी केला. त्यांना येतात ती सात पदं म्हणून झाल्यावर त्यांनी पुढचे शब्द आपल्या मनाने जोडले. आप्पा समोर संबळ मांडीवर घेऊन बसले होते. त्यांनी एकदा तोंड उघडलं. आवाज आला नाही, नुसती हवा आली.

अक्का, श्रावणापासूनच त्यांचा आवाज फुटत चालला होता. तू ते पहिलं कोटेशन पाठवलंस तेव्हाच त्यांना वरचा सूर लागत नव्हता. आता आम्हाला त्यांचं बोलणं ओठांकडे बघून कळतं. तुला कळवायचं नाही, अशी अम्माला आणि मला देवीची शपथ घातली आहे. ती मी मोडली.

डॉक्टरांनी तीनदा तारीख दिली. आप्पा दर वेळी मला पुढे करतात आणि मी सांगतो की आमची मोठी मुलगी पदवीधर आहे, ती एक गोष्ट ठरवते आहे, तिचं ठरलं की येतो. तुझं ड्युरॉनचं पत्र आलं त्या दिवशी ते खूश झाले, आणि संध्याकाळी बसून नवा प्रश्न शोधला. चार दिवसांपासून नुसती कांजी घेतात, तीही अर्धी सांडते. डॉक्टर म्हणाले की गाठ खाली उतरते आहे, चेन्नईला न्या, आणि कुणाची वाट बघू नका.

मला काय करावं सुचत नाही. तू सांगशील तसं करतो.

तुझा
रणवीर

एग्मोर
१० ऑक्टोबर २००३

तीर्थरूप आप्पांस,
तुळजाचा सा. न. वि. वि.

हे पत्र कुरिअरने पाठवते आहे, उद्या हातात पडेल. रणवीरवर रागावू नका. शपथ मोडल्याचं जे काही असेल ते माझ्या माथी लावा.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण तुम्ही मला विचारलं आहे आणि मी पारखून सांगेन म्हटलं होतं. दहा वर्षांनी दोघांचेही भाग मिळणार नाहीत. ड्युरॉन सरस आहे. पण काल चंद्रमौळीला मी खरं काम काय आहे ते सांगितलं. तो म्हणाला की नुसता एका माणसाचा आवाज धरायला दोघांतला कुठलाही चालला असता, त्यांच्याहून जुनाही. मी त्याला हे आधी विचारलंच नव्हतं. वेगवान कोणता, एवढंच विचारत राहिले.

आप्पा, तुम्हाला भीती वाटते हे मला लिहिलं असतं तर मी हसले नसते. आवाज गेल्यावर गोंधळाच्या घरी तुम्ही कुठे बसाल, हे मलाही माहीत नाही. बेचाळिसांतली सात काकांकडे आहेत. बाकीची आता कुणाकडे नाहीत. मुलगी परक्या घरी जाणार म्हणून मला शिकवली नाहीत, आणि रणवीरला सूर नाही. ती गेली. तुमच्यापासून लपवून काय करू? तुम्हाला ते माझ्या आधीच माहीत होतं.

तुम्ही डॉक्टरांना सांगत होता की मुलगी ठरवते आहे. मी ठरवलं. रविवारी रात्रीच्या गाडीत तुम्हाला बसवायचं, हे मी रणवीरला शेजारच्यांच्या फोनवर सांगितलं आहे. सोमवारी सकाळी मी एग्मोर स्टेशनवर असेन. तिथून जवळच्या इस्पितळात खाट मिळाली आहे, सर्जनला मी स्वतः भेटले. जगण्याचं वचन त्यांनी दिलं नाही. आधी आला असता तर बरं होतं, एवढंच म्हणाले. ऑपरेशन मंगळवारी आहे. कागदावर तुमच्या सहीची जागा रिकामी आहे, ती मी भरणार नाही. पण नाही म्हणायचं असेल, तर इथे येऊन, माझ्याकडे बघून म्हणा.

अम्माला सोबत आणा. रागावलात तरी चालेल, मला टाकू मात्र नका.

तुमची
तुळजा

ता. क. आज सकाळी रिची स्ट्रीटला जाऊन आले. बाजूला ठेवलेला ड्युरॉन दुसरं एक गिऱ्हाईक मागत होतं. देऊन टाका म्हणून सांगितलं, आणि दिलेली आगाऊ रक्कम परत घेऊन ती इस्पितळात भरली.