पाणी नसलेला डोंगा

बाबा, तुम्ही इंग्रजांच्या पलटणीतून ज्या लढाईत गेलात ती आपली होती का, असं वर्गातल्या एका मुलीनं मला विचारलं. आपल्या घरातली मी पहिली बी.ए., चामोर्शीच्या शाळेत इतिहास शिकवते, तरी मी तिला पुस्तकातल्या तारखाच सांगितल्या. तुमच्या खांबाची गोष्ट गावभर झाली आहे, म्हणून तिनं विचारलं. आपल्या ढिवरांत मेलेल्याचा खांब कोरत नाहीत. पण नदीपलीकडचा तो गोंड म्हातारा, ज्याच्या माणसांना तुम्ही पुरातसुद्धा डोंग्यातून उतरवून द्यायचात, तो यंदा घरी आला आणि आईला म्हणाला, "त्याचं मढं बर्मातच राह्यलं. आमच्या रीतीनं त्याले खांब करून देतो, बाई. एवढी वर्षं बिनजागेचा फिरून राह्यला तो." आईनं लगेच हो म्हटलं. तुम्ही गेल्याची तार आली तेव्हा मी शाळकरी होते. तेव्हापासून तिनं तुमच्यासाठी असं काहीच मागितलं नव्हतं.

त्यांची रीत अशी, की खांबावर जे कोरतात ते मेलेल्याला तिकडे मिळतं, आणि मग ते त्याच्याजवळच राहतं. म्हातारा अंगणात सागाच्या लाकडाशेजारी उकिडवा बसला आणि म्हणाला, "सांगा, काय देऊ त्याले?" सरपंच म्हणाले, "बंदूक दे. लढाईत मेला, तळ्यात नाई बुडाला. येणाऱ्या-जाणाऱ्याले समजलं पाह्यजे." आई घरातूनच ओरडली, "बंदूक काय चाटाची हाये? मासोळी कोर. चांगल्या मोठ्या मरळी कोर, सगळ्या अंगभर. ढिवराच्या खांबावर मासोळ्या नाई तं काय म्हशी काढता?" सगळे हसले. मी हसले नाही. म्हातारा माझ्याकडे वळला. "मास्तरीणबाई, तू शिकलेली. तू सांग. एकदा लाकडात गेलं का मंग निघत नाई."

मला तुमची ती शेवटची सुट्टी दिसते. तुम्ही खाकी कपड्यांत चुलीपाशी बसला आहात. आईनं तुमच्यासाठी मरळीचा रस्सा केला आहे, ताटात भात वाफाळतो आहे, आणि तुम्ही ताट हळूच बाजूला सरकवता. "मले नको." आई हातात पळी तशीच धरून म्हणते, "काऊन? पलटणीतलं खाऊन आमच्या हातचं गोड लागून नाई राह्यलं का?" तुम्ही उठून हात धुता. दुसऱ्या दिवशीही मासोळी खात नाही, तिसऱ्याही नाही. शेजारी चिडवतात, ढिवराचा बामण झाला म्हणून. आईनं ते इतकी वर्षं मनात ठेवलं होतं. तुम्ही तिच्या हातचं टाकून गेलात आणि परत आला नाहीत, एवढंच तिला ठाऊक होतं.

मला जास्त ठाऊक होतं. तुम्ही मला घाटावर नेलंत. डोंगा वाळूवर ओढलेला होता. त्याच्या काठावर बसून, वैनगंगेकडे न पाहता, तुम्ही सांगितलंत, की तिकडच्या नदीतून तुम्ही मेलेली माणसं काढत होतात. जाळ्यानं. जातीचे ढिवर म्हणून तुम्हालाच त्या कामावर लावलं होतं. मी विचारलं, "आपली का दुश्मनाची?" तुम्ही म्हणालात, "पाण्यात राह्यलेल्या माणसाची बाजू समजत नाई, बाई." मग पायानं वाळू उकरत म्हणालात, "मासोळ्या मात्र लय पोसल्या होत्या तिथी." तेव्हापासून मासा चिरताना मी आधी त्याच्या पोटात पाहते. काय सापडेल असं मला वाटतं, ते लिहवत नाही.

म्हणून म्हाताऱ्याला मी नंतर कळवते म्हटलं; तो लाकूड घेऊन नदीपलीकडे गेला, आणि मग मी आईजवळ बसून सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. हात थांबले नाहीत. शेवटी फक्त एवढंच विचारलं, "मंग मी रोज तेच वाढून राह्यली होती त्यायच्यापुढं?" आणि सूप तसंच ठेवून ती मागच्या दारी जाऊन उभी राहिली. संध्याकाळी म्हणाली, "जा, त्या बुढ्याले सांगून ये. मासोळी नको."

मी नदी उतरून गेले. म्हटलं, मासा नको, बंदूक नको, जाळंही नको. डोंगा कोरा आणि त्यात बाबांना बसवा. म्हातारा म्हणाला, "अन् खाली पाणी काढतो." मी नको म्हटलं. "पाणी नाई तं डोंगा चालन कशावर, पोरी?" मी म्हटलं, "चालू नका देऊ. वाळूवर राहू द्या." त्यानं पटाशी उचलली.

सरपंच नाराज आहेत. खांब पाहून ते म्हणाले, हा शिपाई वाटत नाही, कोणी दमलेला माणूस वाटतो.

हे पत्र मी कुठंच टाकणार नाही. लाकडावर कोरलेलं मेलेल्याला मिळतं, यावर माझा विश्वास नाही, आणि मुलींनाही मी तसंच शिकवते. तरी काल खांब उभा करण्याआधी, तो जमिनीवर आडवा होता तेव्हा, मी त्याच्या चारी अंगांवरून हात फिरवला, कुठं पाण्याची एखादी रेघ राहून गेली नाही ना म्हणून. तुमच्या कोरलेल्या पायाशी हाताला एक बारीक वळण लागलं. लाकडाचीच रेषा असेल. मी म्हाताऱ्याकडून पटाशी मागून घेतली आणि ते तासून टाकलं.