पाकिटातली चौथी नोंद

४ फेब्रु., मंगळ
आज पाकीट फोडलं. आमच्या गटाची जुनी खोड: दुर्बिणीच्या डेटात एकाने गुपचूप खोटे सिग्नल घालायचे, यादी पाकिटात बंद करून सरांच्या कपाटात. शोधणारा नीट शोधतोय का ते कळावं म्हणून. ही यादी मेधाताईची, पीएचडी संपवून ती गेली त्या वर्षीची. चार नोंदी. चौथी: दर ११ मि. ४३ से. दिशाही तीच. माझा सिग्नल. माझ्या प्रबंधाचं पाचवं प्रकरण. दोन वर्षं...
सर म्हणाले, "चला, सापडला तरी. पास झालात." जिना उतरताना रडले. स्वतःपासून काय लपवायचं.

५, बुध
प्रबंध जूनमध्ये द्यायचाय. पाचवं काढलं तर उरते प्रस्तावना आणि आभार.
काम सुचेना म्हणून फोरम चाळत बसले. जगभरचे खगोलवाले तिथे अडचणी विचारतात, रडगाणी जास्त. ऑस्ट्रेलियातल्या एकाचा प्रश्न: दर ११ मि. ४३ से.नी काहीतरी येतंय, आणखी कुणी पाहिलंय का?
दिशा बघितली. तीच.
त्यांचा डेटा सार्वजनिक अर्काइव्हवर आहे, उतरवून घेतला. आमच्यापैकी कुणी त्याला कधी हात लावलेला नाही. सिग्नल आहे.
पुन्हा उतरवून तपासलं. आहेच.

६, गुरु
सरांना दाखवलं. "योगायोग असेल. नाहीतर तुमची चूक. मला दुसरं जास्त पटतं."

७, शुक्र
खराडीला गेले. मेधाताई आता तिथे आयटीत. कॅन्टीनमध्ये विचारलं, हा आकडा आणलास कुठून?
"कुठून म्हणजे? मनाने लिहिला गं. दिशासुद्धा." मग चहा ढवळत, "एक सांगू? यादीत चार लिहिले, पण डेटात तीनच घातले. लग्नाची गडबड होती, चौथा राहूनच गेला."
म्हटलं, मग मला सापडला तो काय? ती हसली. मग हसायची थांबली.

१०, सोम
जुन्या संगणकावरच्या नोंदी काढल्या. खरंच तीनच घातलेत. म्हणजे माझा सिग्नल खरा, प्रकरण वाचलं. पेढे आणायला हवेत. आनंद होत नाहीये, भीती वाटतेय.
सरांना विचारलं, सापडायच्या आधी तो यादीत कसा? "ते प्रबंधात लिहायचं नसतं." यादी आत ठेवून त्यांनी कपाटाला कुलूप लावलं. त्या कपाटाला कुलूप आहे हेच मला माहीत नव्हतं.

१४, शुक्र
ऑस्ट्रेलियावाल्याला अजून उत्तर नाही. "हो, आम्हीही पाहिलाय" टाइप करते, पुसते. पहिल्यांदा कधी पाहिलात, असं त्याने विचारलं तर?

१७, सोम
यंदाची यादी करायचं काम माझ्याकडे आलं. नाही म्हणायला कारण काय देणार. पाच नोंदी केल्या. चार डेटात घातल्या. पाचवी मुद्दाम घातली नाही: १९ मि. २६ से. कुणाला बोलले नाही. पाकीट चिकटवून सरांना दिलं.

१९, बुध
सकाळी अकराला फोरम उघडला. एक नवा प्रश्न, अजून कुणाचं उत्तर नाही. शीर्षकात नुसती मिनिटं आहेत, सेकंद आत असणार.
मिनिटं एकोणीस.
चहा घेऊन आले. तो गार झाला. अजून आत गेलेले नाही.