दोन बोटं जास्त

दौलत,
तुह्या वहिनीले घेऊन तिच्या माहेरी, अकोल्याले चाललो. गणू गेल्यापासून तिले या घरात राहवत नाही.

कापूसवाल्या साहेबाची पाहून गणूसाठी केलेली पायानं रेटायची दोनचाकी छपरीत हाय. सागाच्या दांडीले काही होत नाही, पण लोखंडी पट्ट्यांले जवसाचं तेल लावजो, नाहीतर गंज खाईन. मुठीवर चढलाच हाय. तो गणूच्या घामाच्या हातांचा. मी बसू देत नव्हतो, तं नुसता धरून उभा राहे.

वाढत्या अंगाचं पोट्टं म्हणून बैठक दोन बोटं उंच केली होती. "पाय पुरले का बसजो," म्हणत राहिलो, अन् पटकीच्या साथीनं नेलं त्याले.

गाडी तुह्या किसनाले देजो. पण बैठक कापून त्याच्या आजच्या पायाले पुरन अशी कर. वाढीव ठेवू नोको. आजच बसू दे त्याले.

तुहा भाऊ,
खंडुजी